पांढऱ्या चेहऱ्याचा त्साओ त्साओ

बेजिंगच्या पारंपरिक संगीत नाटकात पात्राच्या चेहऱ्याचा रंग पाहूनच प्रेक्षक त्याचा स्वभाव ओळखतात. लाल रंगाचा माणूस निष्ठावान, काळ्या रंगाचा रोखठोक आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याचा कपटी. त्साओ त्साओ नेहमी पांढरा चेहरा घेऊनच रंगमंचावर येतो. भुवया वर ताणलेल्या, डोळे बारीक केलेले, कपाळावर काळ्या रेघा. तो तोंड उघडण्याआधीच आपण कोणाचा तिरस्कार करायचा हे प्रेक्षकांना समजलेलं असतं.

हाच माणूस चिनी शाळांच्या पाठ्यपुस्तकात कवी म्हणून भेटतो. सुन त्झूच्या ‘युद्धकले’वरचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भाष्य त्याचंच आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर, चारशे वर्षांचं हान साम्राज्य डोळ्यांदेखत कोसळत असताना, उत्तर चीनचा मोठा भाग त्याने एका अमलाखाली आणला. सम्राट मात्र तो स्वतः कधी झाला नाही. अशा माणसाला इतका पांढरा रंग का फासला गेला, आणि ज्या कृत्यासाठी तो फासायला हवा होता ते कृत्य लोकांच्या आठवणीतून कसं निसटलं, हे समजून घेण्याजोगं आहे.

सुरुवात त्याला सर्वांत जास्त चिकटलेल्या गोष्टीपासून करू. इसवी सन 189 मध्ये दोंग ज्वो नावाच्या क्रूर सेनापतीने राजधानी ल्वोयांग ताब्यात घेतली आणि आपल्या सोयीचा बालसम्राट गादीवर बसवला. त्साओ त्साओ नाव बदलून शहरातून निसटला. वाटेत ल्यू बोशे या ओळखीच्या माणसाच्या घरी तो थांबला, आणि त्या रात्री त्या घरातली माणसं त्याच्या हातून मारली गेली. इथपर्यंत सगळ्या जुन्या लेखकांचं एकमत आहे. पुढे मात्र फाटे फुटतात. त्साओच्या घराण्याने लिहवून घेतलेला इतिहास म्हणतो की ल्यू घरी नव्हता. त्याच्या मुलांनी त्साओचा घोडा आणि सामान लुटायचा प्रयत्न केला, म्हणून त्याने तलवार उपसली. दुसरा लेखक सांगतो की मुलांनी यथासांग पाहुणचार केला, पण पळून आलेल्या त्साओच्या मनात संशय शिरला. तिसरा सांगतो की त्याला भांड्यांचा खणखणाट ऐकू आला, आपला घात होतोय असं वाटून त्याने सगळ्यांना मारलं, आणि चूक कळल्यावर खिन्न होऊन तो एवढंच बोलला की इतरांनी माझा घात करण्यापेक्षा मी इतरांचा केलेला बरा. पेइ सोंगजी या पंडिताने 429 मध्ये ‘तीन राज्यांच्या इतिहासा’वर टीपा लिहिल्या, त्यात हे तिन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवले. आज आपण त्यांची तुलना करू शकतो ती त्याच्या या चिकाटीमुळे.

त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, चौदाव्या शतकात, ल्वो ग्वानजोंगच्या नावावर असलेली ‘तीन राज्यांची कथा’ ही प्रचंड कादंबरी आली. तिच्यात सुरी पाजळण्याचा आवाज येतो, ‘बांधून मारू’ असं कुजबुजणं ऐकू येतं, सगळं घर कापून झाल्यावर स्वयंपाकघरात बांधून ठेवलेलं डुक्कर सापडतं. वाटेत म्हातारा ल्यू गाढवावरून दारू आणि भाजी घेऊन परतताना भेटतो, आणि त्साओ त्यालाही मारतो, जाणूनबुजून. सोबत छेन गोंग नावाचा सज्जन अधिकारी आहे, त्याला हे पाहून किळस येते. जुन्या कोणत्याही नोंदीत त्या रात्री छेन गोंग तिथे नाही. खिन्नपणे निघालेलं ते वाक्यही कादंबरीत बदललं आहे: आता त्साओ साऱ्या जगाचा घात करायला निघालेला आहे, आणि त्याला कसलाही खेद नाही.

आता खऱ्या माणसाकडे येऊ. त्याचा जन्म 155 सालचा, आजच्या आनह्वी प्रांतातल्या बोजौ इथला. वडील त्साओ सोंग हे एका बड्या खोजाचे दत्तक पुत्र. हान दरबारात खोजांच्या हाती प्रचंड सत्ता होती, पण खानदानी विद्वान कुटुंबं त्यांना पायरीशीही उभं करत नसत. पैसा होता, पद होतं आणि तरीही कुळाला बट्टा लागलेला, अशा घरात तो वाढला. जन्मावरून माणसाची किंमत करण्याबद्दलची त्याची चीड मला इथून आलेली दिसते. विशीत त्याला ल्वोयांगच्या उत्तर भागात कोतवालीचं काम मिळालं. त्याने वेशीवर पाच रंगांचे दहाबारा सोटे टांगले आणि रात्रीची संचारबंदी मोडणाऱ्याला फटके, मग तो कोणीही असो, असा हुकूम काढला. सम्राटाच्या लाडक्या खोजाचा काका रात्री हिंडताना सापडला. त्साओने त्याला मरेपर्यंत बडवला. दरबाराला त्याला शिक्षाही करता येईना, म्हणून बढती देऊन बाहेरगावी पाठवण्यात आलं.

184 मध्ये पिवळ्या फेट्यांच्या शेतकऱ्यांचं बंड उसळलं. दुष्काळ, रोगराई आणि करांनी पिचलेली लाखो माणसं एका पंथाच्या झेंड्याखाली उठली. ते मोडायला सरकारने प्रांतोप्रांतीच्या सरदारांना फौजा उभारायची मोकळीक दिली, आणि त्या फौजा पुढे कोणाच्याच राहिल्या नाहीत. 192 मध्ये पूर्वेकडच्या बंडखोरांचे तीन लाख सैनिक त्साओला शरण आले. त्यांची बायकापोरं धरून आकडा दहा लाखांवर जातो. त्याने त्यांना कापलं नाही; त्यातले निवडक घेऊन आपली फौज बांधली. इथून तो खऱ्या अर्थाने सत्ताधारी झाला.

आणि इथूनच पुढच्या वर्षी ती गोष्ट घडली जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 193 मध्ये त्साओचे वडील लवाजम्यासह मुलाकडे यायला निघाले असताना श्यूजौ प्रांताचा सुभेदार ताओ छ्येन याच्या माणसांनी त्यांना मारलं. सुभेदाराच्या हुकमाने मारलं की सैनिकांनी संपत्तीच्या लोभाने, यावर तेव्हाही दुमत होतं. त्साओने चौकशी केली नाही. तो फौज घेऊन श्यूजौत शिरला आणि त्या वर्षी आणि पुन्हा 194 मध्ये गावंच्या गावं उद्ध्वस्त केली. युद्धाच्या धुमाळीत राजधानीकडून पळून श्यूजौत आसऱ्याला आलेली माणसंही त्यात मेली. प्रेतांनी सी नदीचं पाणी अडलं, कोंबडी-कुत्रीही उरली नाहीत, असं नंतरच्या इतिहासकारांनी नोंदवलं आहे. मेलेल्यांचा त्यांनी दिलेला लाखोंचा आकडा फुगवलेला असेल. पण या मोहिमेची नोंद त्साओबद्दल आदराने लिहिणाऱ्या, ‘तीन राज्यांच्या इतिहासा’चा कर्ता असलेल्या छेन शौलाही टाळता आली नाही. ल्यू बोशेच्या घरातली मोजकी माणसं शतकानुशतकं नाटकात रोज मरतात आणि लोक हळहळतात. श्यूजौच्या माणसांवर तसं नाटक कोणी लिहिलं नाही.

याच प्रांतातल्या लांगया जिल्ह्यात 181 साली जुगे लियांग जन्मला. पोरका झालेला हा मुलगा त्याच सुमारास काकांबरोबर दक्षिणेकडे गेला. मोठेपणी तो त्साओच्या शत्रूचा, ल्यू बेइचा, प्रधान झाला आणि त्साओच्या वारसांच्या राज्यावर शेवटच्या श्वासापर्यंत स्वाऱ्या करत राहिला. त्याने स्वतः यामागचं कारण कुठे सांगितलेलं नाही. मला मात्र ते श्यूजौपासून वेगळं काढता येत नाही.

196 मध्ये दोंग ज्वोच्या माणसांच्या तावडीतून सुटलेला तोच बालसम्राट श्येन, आता पंधरासोळा वर्षांचा, भणंग अवस्थेत ल्वोयांगला पोहोचला. राजधानी जळून खाक झालेली. मंत्री रानातली धान्यं वेचून पोट भरत होते. उत्तरेतला सर्वांत बलाढ्य सरदार युआन शाओ याला सल्ला मिळाला होता की सम्राटाला आश्रय द्या. त्याला ती कटकट वाटली. त्साओने सम्राटाला आपल्या मुलखात, श्यू शहरी, आणून ठेवलं. त्यानंतर त्याचे सगळे हुकूम सम्राटाच्या मोहोरेने निघू लागले, आणि त्याला विरोध करणारा प्रत्येकजण आपोआप राजद्रोही ठरला.

पण मोहोरेने पोट भरत नाही. त्या काळी उत्तर चीनमध्ये युद्धापेक्षा भुकेने जास्त फौजा मोडल्या. युआन शाओचे सैनिक तुतीची फळं खाऊन जगत होते, त्याचा भाऊ युआन शू याचे सैनिक शिंपले वेचून. जमीन भरपूर ओसाड पडली होती आणि कसणारा कोणी नव्हता. त्साओने त्याच वर्षी निर्वासितांना आणि शरण आलेल्या बंडखोरांना सरकारी शेतवस्त्यांवर बसवलं. बैल सरकारचे असतील तर उत्पन्नातले सहा वाटे सरकारला आणि चार शेतकऱ्याला, बैल स्वतःचे असतील तर निम्मेनिम्मे. हा वाटा जबर होता, शिवाय वस्तीवरच्या माणसाला सोडून जाता येत नसे. तरी रस्त्यावर उपाशी मरण्याच्या तुलनेत माणसं तिथे टिकली. पहिल्याच वर्षी एकट्या श्यूच्या आसपास दहा लाख हू (धान्याचं तेव्हाचं माप) धान्य जमलं. पुढची प्रत्येक लढाई या कोठारांच्या जोरावर लढली गेली. त्साओची खरी करामत मला तलवारीपेक्षा इथे दिसते.

याच धान्याबद्दलची एक गोष्ट त्याच्या शत्रूंच्या बाजूने लिहिलेल्या चरित्रात आली आहे. पिकातून जाताना गहू तुडवणाऱ्याचा शिरच्छेद होईल असा त्याने हुकूम काढला. सैनिक घोड्यावरून उतरून, हाताने लोंब्या बाजूला सारत चालू लागले. तेवढ्यात त्साओचाच घोडा शेतात घुसला. त्याने अधिकाऱ्याला शिक्षा विचारली. सेनापतीला शिक्षा लागू होत नाही, असं उत्तर आलं. मग त्याने तलवारीने स्वतःचे केस कापून जमिनीवर टाकले. आईबापांनी दिलेला देह छाटणं त्या काळी मोठी नामुष्की होती. चरित्रकाराने ही गोष्ट त्याच्या लबाडीचा नमुना म्हणून सांगितली आहे. सैनिकांनी मात्र त्यानंतर गहू तुडवला नसणार.

200 साली ग्वानदूला युआन शाओशी निर्णायक गाठ पडली. युआनकडे एक लाख माणसं होती आणि त्साओकडे दहा हजारसुद्धा नाहीत, असं इतिहासात लिहिलं आहे. दुसरा आकडा पेइ सोंगजीलाही पटला नव्हता, पण बळ विषम होतं हे नक्की. महिनोन्‌महिने दोन्ही छावण्या समोरासमोर पडून राहिल्या. त्साओचं धान्य संपत आलं. अशात एका रात्री युआनचा सल्लागार श्यू यौ फुटून त्याच्याकडे आला. तो आल्याचं कळताच त्साओ टाळ्या वाजवत अनवाणी बाहेर धावला. श्यू यौने विचारलं, धान्य किती उरलंय? त्साओ म्हणाला, वर्षभराचं. पुन्हा विचारलं. सहा महिन्यांचं. पाहुण्याने हसून सांगितलं की खरं बोलायचं नसेल तर मी आलो कशाला. तेव्हा त्साओने कबूल केलं की जेमतेम महिनाभर पुरेल. मग श्यू यौने युआनचं धान्य कुठे साठवलंय ते सांगितलं: वूछाओला, आणि पहारा ढिला आहे.

त्साओ त्याच रात्री पाच हजार माणसं घेऊन निघाला. शत्रूचे झेंडे, घोड्यांची तोंडं बांधलेली, प्रत्येकाच्या पाठीवर सरपणाची मोळी. पहाटेपर्यंत वूछाओ पेटलं होतं, आणि काही दिवसांत युआनची फौज विखुरली. शरण आलेल्या हजारो सैनिकांची त्यानंतर कत्तल झाली, हेही लिहिलं पाहिजे. युआनच्या छावणीत पत्रांचा गठ्ठा सापडला, त्साओच्याच माणसांनी गुपचूप शत्रूला लिहिलेली. त्याने ती न वाचता जाळायला सांगितली. युआन इतका बलवान असताना माझाच मला भरवसा नव्हता, मग इतरांचं काय, असं तो म्हणाला. तोच माणूस, सात वर्षांपूर्वी श्यूजौ जाळणारा.

208 च्या हिवाळ्यात यांगत्सेच्या काठी लाल कड्यांजवळ त्याचा पराभव झाला. उत्तरेकडच्या सैनिकांना नावांची सवय नव्हती, छावणीत रोगराई पसरली होती, आणि दक्षिणेचा सेनापती जौ यू याच्या हाताखालच्या ह्वांग गायने शरण येण्याचं सोंग करून पेटत्या होड्या त्याच्या आरमारात घुसवल्या. जुगे लियांगने मंत्राने वारा फिरवल्याचा आणि गवताच्या बुजगावण्यांनी बाण मिळवल्याचा प्रसंग कादंबरीतला आहे. या पराभवानंतर चीन एकत्र करण्याचं त्याचं स्वप्न संपलं आणि त्साओ, ल्यू बेइ आणि दक्षिणेचा सुन छ्वान यांच्या तीन राज्यांची वाटणी पक्की होत गेली.

त्यानंतरच्या वर्षांत त्याने काढलेले हुकूमनामे वाचनीय आहेत. 210 मध्ये त्याने जाहीर केलं की कर्तबगारी असेल तर मला माणूस पाठवा, त्याच्या चारित्र्यावर डाग असला तरी चालेल. कुळ आणि सदाचार यांच्या शिफारशीवर नेमणुका होण्याच्या काळात हे धाडसाचं बोलणं होतं. त्याला शिव्या घालणारा जाहीरनामा ज्याने लिहिला, त्या छेन लिनला पकडल्यावर त्याने फक्त एवढं विचारलं की मला हवं ते बोलायचंस, माझ्या बापआजाला कशाला ओढलंस? आणि त्याला नोकरीत घेतलं. पण कन्फ्यूशियसचा वंशज खोंग रोंग याने उघड टोमणे मारले तेव्हा त्याला सहकुटुंब मारलं. कोणाला क्षमा मिळेल हे ज्याचा-त्याचा उपयोग ठरवत असे.

प्रसिद्ध वैद्य ह्वा त्वो यालाही त्यानेच संपवलं. त्साओला तीव्र डोकेदुखीचा विकार होता आणि ह्वा त्वोच्या सुया टोचून घेतल्यावर त्याला आराम पडे. पण एकट्या त्साओची सेवा करत बसणं वैद्याला नको होतं. बायको आजारी असल्याचं सांगून तो गावी गेला आणि परतेना. खोटं उघडं पडल्यावर त्याला तुरुंगात मरण आलं. 208 मध्ये त्साओचा लाडका मुलगा त्साओ छोंग तेराव्या वर्षी वारला, तेव्हा वैद्याला मारल्याचा त्साओला पश्चात्ताप झाला अशी नोंद आहे.

याच मुलाच्या नावावर एक गोष्ट आहे जी मराठी वाचकाला चटकन ओळखू येईल. दक्षिणेचा राजा सुन छ्वान याने हत्ती पाठवला. त्याचं वजन कसं करावं ते कोणाला सुचेना. पाचसहा वर्षांच्या छोंगने सांगितलं की हत्तीला होडीत उभा करा, पाणी जिथवर चढेल तिथे खूण करा, मग त्या खुणेपर्यंत इतर वस्तू भरा आणि त्या तोला. आपल्याकडे भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरला मुरार जगदेवाच्या गजतुलेच्या वेळी शहाजीराजांनी हीच युक्ती सांगितल्याची कथा आहे. छेन यिनके या थोर चिनी इतिहासकाराने 1930 मध्ये दाखवून दिलं की चिनी गोष्टीचं मूळ भारतीय असावं: वृद्धांना हाकलून देणाऱ्या राज्याच्या बौद्ध कथेत, लपवून ठेवलेला म्हातारा बाप हाच तोडगा सांगतो. शिवाय सुन छ्वानच्या ताब्यात हत्तींचा दक्षिण मुलूख 210 मध्ये आला, म्हणजे छोंगच्या मृत्यूनंतर. ह्वा त्वोच्या अद्भुत शस्त्रक्रियांतही छेन यिनकेंना बुद्धाच्या वैद्याची, जीवकाची, छाया दिसली. भिक्षूंबरोबर गोष्टी गेल्या आणि त्साओच्या घरात जाऊन बसल्या.

मग तो खलनायक कधी झाला? अकराव्या शतकात कवी सू शी नोंदवतो की गल्लीतली पोरं कथेकऱ्याकडे बसून ऐकतात, ल्यू बेइ हरला की रडतात आणि त्साओ हरला की टाळ्या पिटतात. म्हणजे लोकांचा कल तेव्हाच ठरला होता. पंडितांचं तसं नव्हतं. त्याच शतकात सिमा ग्वांगने आपला इतिहास लिहिताना त्साओच्या घराण्याच्या वर्षगणनेप्रमाणे काळ मोजला. पण 1127 मध्ये जुर्छेन टोळ्यांनी उत्तर चीन जिंकला आणि सोंग दरबार दक्षिणेला पळाला. आता कोपऱ्यात ढकललेला, पण हक्काचा राजा म्हणजे आपण, आणि उत्तर बळकावून बसलेला तो शत्रू, असं चित्र झालं. बाराव्या शतकातल्या पंडित जू शीने ल्यू बेइच्या राज्याला खरं राज्य ठरवलं ते या वातावरणात. कादंबरीने ते घट्ट केलं, सतराव्या शतकातल्या संपादकांनी उरलेसुरले करडे रंगही पुसले.

विसाव्या शतकात वारा फिरला. लेखक लू शुनने 1927 च्या एका व्याख्यानात सांगितलं की त्साओ मोठा कर्तबगार माणूस होता, निदान वीर तरी नक्कीच. 1959 मध्ये लेखक ग्वो मोरुओने त्याच्यावरचा निकाल फिरवावा असा लेख लिहिला आणि त्याला उदार राजा म्हणून दाखवणारं नाटकही. नव्या कम्युनिस्ट राजवटीला एकीकरण करणारा, खानदानी उमरावांना न जुमानणारा, पडीक जमीन लागवडीला आणणारा पूर्वज हवा होता. या कौतुकातले गुण खरे आहेत. पण श्यूजौच्या कत्तलीचा विषय आला की तिथे अतिशयोक्तीकडे बोट दाखवून लेख पुढे सरकतो, आणि तिथेच माझं मन अडकतं. पांढरा रंग खरवडणाऱ्यांनीही त्या गावांकडे थांबून पाहिलं नाही.

त्साओ 15 मार्च 220 ला ल्वोयांगमध्ये वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा त्साओ पी याने हान सम्राटाला पायउतार केलं. मृत्युपत्रात त्साओने लिहून ठेवलं होतं की मला रोजच्या कपड्यांत पुरा, सोनं-जवाहीर ठेवू नका, सैनिकांनी ठाणी सोडून शोकाला यायचं नाही. राण्यांनी वेळ घालवायला जोडे शिवून विकावेत, एवढा बारीक तपशील त्यात आहे. लोकांचा या साधेपणावर विश्वास बसला नाही. त्याने बहात्तर खोट्या कबरी बांधल्या अशी वदंता पसरली, आणि ज्या टेकड्यांकडे बोट दाखवलं जायचं, त्या पुढच्या राजवंशांच्या कबरी निघाल्या.

डिसेंबर 2009 मध्ये हनान प्रांतातल्या आनयांगजवळ, शीगाओश्युए गावात, त्याची कबर सापडल्याची घोषणा झाली. चोरांनी ती आधीच फोडलेली होती. आत साठीच्या आसपासच्या पुरुषाची हाडं, दोन स्त्रियांची हाडं, आणि वस्तूंच्या यादीच्या दगडी पाट्या. काही पाट्यांवर ‘वेइचा राजा वू’ (म्हणजे त्साओ) याने वापरलेलं, वाघाशी झुंजण्याचं शस्त्र असा उल्लेख आहे. अभ्यासकांत बराच वाद झाला, पण आज बहुतेक पुरातत्त्वज्ञ ती त्याचीच मानतात. 2023 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. तिथे येणारी तरुण मंडळी आता फुलांबरोबर डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं ठेवून जातात.